आधी पाणी, मग भांडण

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी मी लातूरच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. बाहेर हलग्या वाजायला लागल्या, फटाके उडाले, आणि मग फळ्याकडं बघायची कुणाची इच्छाच राहिली नाही. मीही खडू ठेवून दिला. शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांचा डबा फिरत होता. एक सहकारी म्हणाले, "बाई, तुम्ही तर नांदेडकडच्या. तुम्हाला कशाचा एवढा आनंद?" मी दोन पेढे उचलले आणि म्हटलं, "सर, ही मागणी दिल्लीच्या कानावर आमच्या गावच्या फाट्यावर घातली होती. तीही तोंडात गूळ असताना." बाई थट्टा करतायत असं वाटून ते हसले. मी मात्र खरंच सांगत होते.

आमचं गाव नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर, लोह्याच्या पुढं. फाट्यावर एक कडुनिंब, एक चहाची टपरी आणि एसटीची वाट बघणारी माणसं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी नुकती बोलायला लागले होते, आणि माझा बा म्हणायचा की तेव्हापासून मी बोलायची थांबलेच नाही. वस्तीतली कॉलेजात गेलेली मुलगी मी पहिलीच. त्यामुळं माझ्या परीक्षेवर माझ्या एकटीचा हक्क नव्हता. सुट्टीत घरी गेले की पारावरचे म्हातारेसुद्धा विचारायचे, "पोरी, आपली परीक्षा कवा हाय?"

पण परीक्षेला एक शेपूटही होतं. भोकरची माझी आत्या मला सून करून न्यायला टपलेली होती. बानं तिला शब्द दिला होता की पोरगी औंदा बी.ए. झाली तर तिला नोकरी बघू द्यायची, आणि झाली नाही तर उन्हाळ्यात लगीन. आतेभाऊ वाईट नव्हता हो. दिसायला बरा, स्वभावानं गरीब. फक्त तो जेवताना आवाज फार करायचा, आणि मला आयुष्यभर तो आवाज ऐकायचा नव्हता. तेव्हा औंदाची परीक्षा होणं माझ्यासाठी किती जरुरीचं होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि नेमकी तीच बुडायला आली. फेब्रुवारीतच नांदेडच्या आमच्या वसतिगृहाचा हौद कोरडा पडला. एका सकाळी दाराला कुलूप लागलं. सामान उचला, घरी जा, परीक्षेचं पुढं बघू, असं सांगण्यात आलं. पुढं म्हणजे कधी, हे कुणी सांगेना. मग पोरं चिडली. नांदेडला संप झाला, तो बघून लातूरला झाला, मग मोर्चे, मग एसट्या बंद, मग कॉलेजंच बंद. मागण्याही रोज वाढायला लागल्या. आधी फक्त पाणी आणि परीक्षा होती. मग फीमाफी आली, मग रुंद रुळांच्या रेल्वेची मागणी आली, आणि लातूरच्या पोरांनी आमचा वेगळा जिल्हा करा हेही त्यात घुसडलं.

अशात दिल्लीचे एक मोठे नेते दुष्काळ बघायला आले. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक नावाबद्दलच बोलत बसतात. आमच्या गावात त्यांना सगळे नुसतं 'दिल्लीवाले' म्हणायचे. नांदेडच्या सभेत आम्ही मागं उभं राहून त्यांचं भाषण ऐकलं. दुष्काळाबद्दल ते बरं बोलले. मग आवाज चढवून म्हणाले की देश तहानलेला असताना जे विद्यार्थी रस्त्यावर दंगा करतात त्यांची परीक्षा घेतली जाणार नाही, वर्ष जाऊ दे, शिस्त लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं आत्या नव्या पातळाच्या घड्या मोडताना दिसायला लागली.

दोन दिवसांनी ते मोटारीनं लातूरला जाणार होते. वाटेत गाठायचं ठरलं आणि जागा म्हणून आमचाच फाटा निघाला, नांदेडच्या आणि लातूरच्या पोरांना सारखाच लांब पडणारा. घोषणा द्यायला कंधारचा माझा एक वर्गमित्र होता. त्याचे अब्बा किल्ल्याजवळ स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचे. पोराचा आवाज असा की तो वर्गात हळू बोलला तरी प्राचार्य खोलीतून बाहेर यायचे. आवाज भरपूर होता, पण गर्दी नव्हती, कारण एसट्याच बंद. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. फाट्याजवळच दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या, आणि त्यांच्यात माझी मायही होती.

दुष्काळी कामावरच्या मजुरांना वाटायच्या सुकडीची पोती नेणाऱ्या ट्रकमधून मी गावी पोचले. माय ढिगावर बसून खडी फोडत होती. मी तिला सगळं समजावलं, म्हणजे अन्याय, दडपशाही, रास्ता रोको, काळे झेंडे, सगळं. तिनं हातोडा न थांबवता ऐकलं.

"म्हंजी गाडी अडवायची," ती म्हणाली.

"हाव."

"बाया घिऊन रस्त्यावर बसायचं."

"हाव माय. उठायचंच न्हाई."

"बसू की. तुझ्या परीक्षेपायी बसू. पर त्यो माणूस उन्हातून येनार, आन् आपल्या शिवेवर थांबनार. पानी इचारल्याबिगर भांडायचं न्हाई."

मी कपाळावर हात मारला. "माय, त्यो पाहुना न्हाई! त्याचा निषेध करून राहिलो आम्ही!"

"कर की निषेध. पानी दिल्यावर कर. कोरड्या नरड्याच्या मान्साशी भांडू नी."

आमच्याकडं हा रिवाजच आहे. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी, मग कोण, कुठला, कशाला आला ते. वसुलीवाला आला तरी तेच, सोयरीक मोडायला आलेला व्याही असला तरी तेच. पण तो रिवाज मोर्च्यात आणायचा म्हणजे काय! मी रागारागानं घरी गेले आणि बाची छत्री काढून तिच्या कापडाचे झेंडे केले. संध्याकाळी बानं खुंटीवर छत्रीचा सांगाडा बघितला. त्यानं आधी सांगाड्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बा, पाऊस तरी कुठं हाय?" बा दारात गेला आणि आभाळाकडं बघून परत आला.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. त्या वर्षी गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. सरकारी मशीन आलं, गावात दोन जागी भोकं पाडली, नुसता फुफाटा निघाला. शेवटी आमच्या वस्तीत पाडलं आणि पाणी लागलं, तेही असं की हापसा दाबणाऱ्याची चप्पल भिजावी. पहिले काही दिवस वरच्या आळीच्या बाया लांब उभ्या राहायच्या, घागर मधे ठेवायच्या, आम्ही भरून बाजूला झालो की उचलायच्या. मग ऊन वाढलं तसं अंतर कमी होत गेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळ्या एकाच रांगेत भांडायला लागल्या. तहान लागली की जात विसरते आणि तहान भागली की आठवते, हे माहीत असूनही मला ते भांडण फार गोड वाटायचं. ज्यांच्या विहिरीवर मायला वाट बघत बसावं लागायचं, त्या बायांना ती आता ऐटीत म्हणायची, "नंबरानं या बाई, नंबरानं."

तो दिवस उजाडला. आम्ही पोरंपोरी झेंडे घेऊन उभे. मागं खडीवरच्या बाया, डोक्यावर पदर, हातात काही नाही. एकट्या मायच्या काखेत घागर, हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणि पदराला गाठ मारलेला गूळ. तो गूळ तिनं कुठून पैदा केला होता कोण जाणे, त्या वर्षी गूळ बघायलाही मिळत नव्हता. मी तिच्याकडं बघायचंच टाळलं.

गाड्यांचा धुरळा दिसला. कंधारचा पोरगा गरजला, "हुकूमशाही!" आम्ही ओरडलो, "मुर्दाबाद!" कडुनिंबावरचे कावळे उडाले. गाड्या थांबल्या. फौजदार धावत आला, पोलिसांनी काठ्या आडव्या धरल्या. नेते काच वर करून आत बसलेले, चेहरा सभेतल्यासारखाच ताठ. सगळं कसं मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात माय पुढं आली.

तिनं सुरुवात आमच्यापासून केली. घोषणा देणारी पोरं उन्हात उभी आहेत, त्यांचे घसे कोरडे आहेत, एवढंच तिला दिसत होतं. ती ओळीनं प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत गेली, आणि मायनं दिलेला गूळ हातात धरून कोण बसतंय? तोंडात टाकला सगळ्यांनी. आणि तोंडात गूळ असताना मुर्दाबाद म्हणता येत नाही. लाळ सुटते. पुढची घोषणा झाली तेव्हा उत्तराला नुसतं चोखल्याचे आवाज आले. आमचा रणशिंगवाला पोरगा स्वतःच गाल फुगवून उभा होता आणि माझ्याकडं केविलवाण्या नजरेनं बघत होता. मी एकटीच गूळ न घेता ओरडले, पण एकटीचं मुर्दाबाद फार बारीक वाटतं.

मग माय मोटारीकडं निघाली. फौजदारानं काठी आडवी घातली. माय म्हणाली, "पानी हाय बाबा, बाँब न्हाई. तू बी घे." तिनं त्याच्याही हातावर खडा ठेवला. त्याच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात गूळ, आता अडवणार कशानं? माय खिडकीपाशी पोचली आणि काचेवर टकटक केली.

मायचं बालपण कंधारला, मुसलमान शेजारात गेलेलं. त्यामुळं तिची हिंदी निजामाच्या काळातली होती आणि ती दिल्लीतही चालेल याबद्दल तिला शंकाच नव्हती. "साब," ती म्हणाली, "पैले पानी पिओ. झगडा बाद में."

काच खाली झाली. पुढच्या सीटवरचे अधिकारी घाईनं म्हणाले की सर, पाण्याची व्यवस्था पुढं डाकबंगल्यावर आहे, हे कुठलं पाणी, कुणाचं पाणी. स्वागताला हार घेऊन आलेले सरपंचही मान हलवायला लागले. नेत्यांनी दोघांकडं बघितलं, मायच्या तांब्याकडं बघितलं, आणि दार उघडून ते उतरले. जवळून बघितलं तर थकलेला म्हातारा माणूस. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. सरळ जाऊन खडीच्या ढिगावर बसले. गूळ तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि मोठ्या लोकांच्या रीतीप्रमाणं वरून धार धरली. निम्मं पाणी सदऱ्यावर.

"सांडू नक्को साब!" माय कळवळून ओरडली. "पानी कहाँ हय? तोंड लगा के पिओ!"

सरपंचांचा हात हारावरच राहिला. मी झेंडा खाली घेतला. नेत्यांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "और है?" लहानपणी गावच्या शाळेत पाण्याच्या रांजणाला हात लावला म्हणून मी एकदा छडी खाल्ली होती. तो तांब्या दुसऱ्यांदा भरला जाताना बघून मला हसूही येत होतं आणि रडूही.

मायनं तांब्या उपडा केला, पदरानं हात पुसले आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "झालं पानी. आता भांडा."

आधी खडीवरच्या बाया हसल्या, मग पोरं, मग पोलीस, आणि शेवटी ते नेतेही पोट धरून हसले. मग म्हणाले, "बोलो भाई. पर सब नहीं. एक बात बताओ, सबसे बड़ी."

झालं! एक म्हटल्यावर आमच्यातच जुंपली. नांदेडचे म्हणाले रुंद रेल्वे, लातूरचे म्हणाले वेगळा जिल्हा, कुणी म्हणालं फी. कंधारचा पोरगा समेट करायला गेला तर त्याच्यावरच सगळे ओरडले. दिल्लीचा माणूस ढिगावर बसून आमचं भांडण बघत होता. शेवटी मायनं माझा दंड धरला आणि मला ओढून त्याच्यापुढं उभं केलं.

"साब, ये मेरी बेटी. इसका परीक्षा बंद नक्को करो."

त्यांचं हसू थोडं मावळलं. म्हणाले, "माँजी, हड़ताल करेंगे तो परीक्षा कैसे होगी?"

तेव्हा माझं डोकं तापलं. आधीच गूळ न घेतल्यानं तापलेलंच होतं. मी म्हटलं, "साहब, पहले ताला आपने लगाया. हॉस्टल का. हम उसके बाद रास्ते पर आए. दरवाज़ा बंद करके कहते हैं, बाहर क्यों खड़े हो?" वर्गमित्राच्या तोंडातला गूळ घशात अडकला आणि तो खोकायला लागला.

नेते मोटारीकडं वळले. मग त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "सच है?" अधिकारी म्हणाले, "सर, हॉस्टल में पानी नहीं था." "बस इतनी बात?" "जी." त्यांनी पुन्हा मायच्या घागरीकडं बघितलं. "यह पानी कहाँ का है?"

"हमारे बोअर का," माय म्हणाली. "बहुत हय. सब बच्च्यां कू यहाँ भेजो. हमारे गाँव में लेव परीक्षा. मैं पानी देती."

लोक पुन्हा हसले. नेते हसले नाहीत. ते उठले, धोतराची धूळ झटकली आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "ठीक तो कहती हैं. जहाँ पानी है, वहाँ ले लो परीक्षा. एक जगह नहीं तो दस जगह." मग आमच्याकडं बोट केलं. "और तुम लोग कल से पढ़ने बैठो." कंधारच्या पोरानं शेवटचा आवाज लावला, "और लातूर ज़िला?" मोटारीत बसता बसता ते म्हणाले, "वह अगली बार. फिर पानी पीकर लड़ेंगे." ते पुन्हा कधी आले नाहीत आणि जिल्ह्याला पुढं कितीतरी वर्षं लागली, पण सभेत एक बोललेला माणूस खडीच्या ढिगावरून उठताना दुसरं बोलतो आणि ते पाळतो, हे मी तेव्हाच बघितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की विद्यार्थ्यांनी नेत्यांचं गूळपाणी देऊन उत्स्फूर्त स्वागत केलं. मी तो पेपर टराटरा फाडला.

आणि खरंच परीक्षा आमच्या गावात झाली! आज कुणाला पटत नाही. जिथं पाणी तिथं केंद्र असा हुकूम निघाला आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विद्यापीठाची माणसं सीलबंद पेट्या घेऊन उतरली. पोरं शाळेच्या ओसरीत राहिली आणि पोरी आमच्या वस्तीत. भोकरहून आत्या आली ती थेट चुलीपुढं बसली आणि पोरींसाठी मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी थापायला लागली. मी रोज पेपर देऊन आले की ती तोंड पाडून विचारायची, "सोपा ग्येला का ग?" मी हो म्हटलं की म्हणायची, "म्हंजी माजी सून ग्येली," आणि मलाच जास्तीची भाकरी वाढायची. सांजच्याला वस्तीत कंदिलांभोवती पोरं वाचत बसायची आणि बा बिनछत्रीचा इकडून तिकडं फिरत "आवाज करू नगा रे" असं सगळ्यात मोठ्या आवाजात सांगायचा.

परीक्षेच्या खोलीत पाणी कुणी द्यायचं, असा प्रश्न आला. सरपंच म्हणाले, आमचा माणूस देतो. माय केंद्रप्रमुखांपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी दिल्लीला सबुद दिलाय." केंद्रप्रमुखांनी तिलाच आत पाठवलं. तोच पितळी तांब्या घेऊन ती रोज बाकांमधून फिरायची. सगळ्या जातींची पोरं, त्यात सरपंचांचा पुतण्याही, हात वर करायची आणि माय जाऊन पेला भरायची. ज्या खोलीत लहानपणी मी तहान लागली तरी कुणी वरून पाणी ओतेपर्यंत ओंजळ धरून उभी राहायची, तीच ती खोली. रांजणाची जागा तिथंच होती, भिंतीवरचा ओलीचा गोल डागसुद्धा.

शेवटचा पेपर इतिहासाचा होता. प्रश्न वाचले आणि एकदम काहीच आठवेना. भोकर दिसायला लागलं. मला तहान नव्हती, तरी मी हात वर केला. मायनं येऊन पेला भरला. परीक्षेत बोलायचं नाही एवढं तिला शिकवलं होतं, म्हणून तिनं आधी पर्यवेक्षकांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. ती वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "झालं पानी. आता भांड."

मी पेन उचललं.